तीच गाडी की तशीच गाडी?

मागच्या व्याख्यानात आपण वस्तूच्या ओळखीचा प्रश्न घेतला होता. एखादी वस्तू काळाच्या ओघात 'तीच' राहते म्हणजे नेमकं काय होतं? थिसिअसचं जहाज पाहिलं, मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा रथ पाहिला. नंतर जे प्रश्न आले त्यांतला एक अगदी रोकडा होता. एका श्रोत्यांनी लिहिलं, "वडिलांची प्रीमियर पद्मिनी सोसायटीच्या आवारात बारा वर्षं उभी आहे. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. मिस्त्री म्हणतो, नवी करून देतो. घरचे म्हणतात, काय तो एकदा निर्णय घ्या. तत्त्वज्ञानात याला काही उत्तर आहे का?"

आहे. निदान प्रश्न नीट मांडण्यापुरतं तरी आहे, आणि अशा व्यवहारात निम्मे पैसे प्रश्न नीट न मांडल्यामुळेच जातात.

मराठीत दोन फार सोयीचे शब्द आहेत, 'तीच' आणि 'तशीच'. तुम्हाला तीच गाडी हवी आहे की तशीच गाडी हवी आहे? लहानपणी शेजाऱ्यांकडे फियाट होती, तिचा तो स्टिअरिंगखालचा गिअर, पुढचा सलग सोफा, तो आवाज, हे सगळं पुन्हा हवंय, असं ज्याला वाटतं त्याला तशीच गाडी हवी असते. त्याने सडलेली गाडी स्वस्तात घेऊन ती उभी करण्याच्या भरीस पडू नये. परवडेल त्यातली सगळ्यात धडधाकट गाडी घ्यावी. समजा, मोडकी गाडी चाळीस हजारांना मिळते आहे आणि नीट सांभाळलेली दोन लाखांना. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, बाजारभाव म्हणून नव्हे. मधल्या एक लाख साठ हजारांत मोडकी गाडी चांगलीच्या बरोबरीला येईल का? पत्रा सडला असेल तर बहुतेक वेळा येत नाही. चांगल्या गाडीच्या मालकाने तो खर्च आधीच सोसलेला असतो आणि विकताना तो त्याला पुरता वसूल होत नाही. त्याचा तोटा तो तुमचा फायदा.

ज्याला तीच गाडी हवी, म्हणजे वडिलांची, आजोबांची, ज्या गाडीतून आपली वरात निघाली ती, त्याला हा हिशेब लागू नाही. तिला पर्यायच नसतो. पण मग त्याच्यावर वेगळं बंधन येतं, आणि ते फारसं कुणी पाळत नाही. तीच गाडी हवी म्हणून लाखो रुपये घालायचे आणि तिला 'ती' बनवणाऱ्या सगळ्या गोष्टी भंगारात टाकायच्या, हे कसं चालेल? वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग काढून नवं बसवलं, सीटचं मूळ कापड फेकलं, डॅशबोर्डवरचा त्यांनी चिकटवलेला गणपती गेला, रंग बदलला. आता उरली ती तशीच गाडी, तीही तिप्पट किमतीत. 'नवी करून देतो' हे मिस्त्रीचं आश्वासन अशा माणसाने जरा घाबरूनच ऐकावं. यांत्रिक भाग सुरक्षित करून बाकी जितकं जसंच्या तसं ठेवता येईल तितकं ठेवावं. जुन्या मूर्तीला ऑइल पेंट फासलेला पाहून आपल्याला वाईट वाटतं ना? त्यातलाच हा प्रकार.

आता परीक्षेकडे येऊ. पद्मिनीचंच उदाहरण धरतो, कारण ती आपल्या अंगणातली आहे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ची, कारखाना कुर्ल्याला. १९६४पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी हे नाव. इंजिन १०८९ सीसीचं. नावं बदलली तरी मुळात इटलीतल्या फियाट ११००चंच हे घराणं. या गाडीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिला जुन्या जीपसारखी वेगळी चासी नाही. जीपचा सांगाडा खाली असतो आणि टप त्यावर बोल्टने बसवलेला असतो. टप सडला तर उचलून दुसरा ठेवता येतो. पद्मिनीत पत्र्याचा टप हाच सांगाडा. दाराखालचा लांब पोकळ भाग, तळाचा पत्रा, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे धरलेल्या असतात त्या जागा, हे सगळं सडलं तर गाडीचा कणाच गेला.

आणि नेमका हाच भाग डोळ्यांना दिसत नाही. इथे मला आपल्या दर्शनांतली एक जुनी संकल्पना फार उपयोगी वाटते. अनुपलब्धी. 'इथे घट नाही' हे ज्ञान आपल्याला कशाने होतं, यावर कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि नैयायिकांनी बराच वाद घातला. भाट्ट मीमांसक म्हणाले, हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक म्हणाले, नाही, ते प्रत्यक्षातच येतं. पण एका मुद्द्यावर दोघांचं जमलं. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसत नाही, तर घट नाही. काळोखात घट दिसत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

विकणारा म्हणतो, "साहेब, गंज कुठेच दिसणार नाही." खरं बोलतो बिचारा! दिसणार नाही. ताजा रंग मारलेला आहे, खालून नुकतंच काळं कोटिंग फासलेलं आहे, आत मॅटिंग अंथरलेलं आहे. हा काळोखातला घट आहे. म्हणून आपलं काम गंज शोधणं एवढंच नाही. गंज असता तर दिसला असता, अशी स्थिती आपणच निर्माण करायची. मॅटिंग उचला, तळाचा पत्रा हाताने चाचपा. डिकीतून स्टेपनी बाहेर काढा, तिच्याखाली पाणी साचतं. बॅटरीच्या खालचा पत्रा बघा, आम्लाने खाल्लेला असतो. लहानसा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडांवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. थोडी पुट्टी जुन्या गाडीत असायचीच. वीतभर जागेत चुंबक घसरत असेल तर मात्र काळजी करा. मग एक बाजू जॅकवर उचलून त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. एरवी नीट लागणारं दार उचलल्यावर अडकू लागलं, तर सांगाडा वाकतो आहे, त्याच्यात जीव नाही. आणि मालक जर म्हणाला की मॅटिंग उचलू नका, जॅक लावू नका, तर तुम्ही काळोखातच उभे आहात. तिथून परत यावं.

गाडी आयुष्यभर कुठे राहिली, हेही विचारा. मुंबईत, कोकणात, गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सोलापूर किंवा मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीचा पत्रा पुष्कळदा बरा असतो, तिचं रबर आणि सीट मात्र उन्हाने गेलेली असतात. रबर बदलता येतं.

याच्या उलट गोष्ट इंजिनाची. नवखा ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, "चालू आहे का?" समजण्यासारखं आहे, आवाज ऐकला की धीर येतो. पण या गाडीचं इंजिन साधं आहे. ते उघडणारे, बोअर करून देणारे कारागीर अजून आहेत, आणि त्या कामाचा अंदाज आधी सांगता येतो. सडलेल्या पत्र्याचा तसा येत नाही, कारण एक पॅच कापला की त्यामागे दुसरी सड निघते. तेव्हा बंद इंजिनाची पण निरोगी पत्र्याची गाडी ही चालू इंजिनाच्या सडक्या गाडीपेक्षा जास्त मोलाची. फक्त अनेक वर्षं उभी असलेली गाडी एकदम सेल्फ मारून सुरू करायला जाऊ नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एखादा दिवस थांबा, मग टॉप गिअरमध्ये टाकून हळूच ढकला. इंजिन फिरतंय का ते कळेल. टाकीत जुनं पेट्रोल चिकट होऊन बसलेलं असतं, ब्रेकचे सिलिंडर जाम झालेले असतात, ही कामं धरूनच चाला. आणखी एक नवी भर म्हणजे आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या काळचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, वॉशर यांना ते मानवत नाही, ते बदलावेच लागतात.

ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती वस्तू म्हणजे बारीकसारीक सामान. पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, दारातली त्रिकोणी काच, हँडलं, क्रोमच्या पट्ट्या. अपुऱ्या गाडीचे हे तुकडे जमवता जमवता वर्षं जातात. एके काळी मुंबईत रस्त्यारस्त्यावर पद्मिनीच्या टॅक्स्या होत्या, त्यामुळे सुट्या भागांची ददात नव्हती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती आणि मुंबईतली वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, इथे अजूनही काही मिळतं, पण टॅक्स्यांसाठीची ती रोजची मागणी आता नाही. तेव्हा खोक्यात भरून का होईना, सगळं सामान सोबत असलेली गाडी घ्या.

आता कागद. नागसेनाने विचारलं, रथ म्हणजे चाकं का, आस का, दांडी का? प्रत्येकाला मिलिंद म्हणाला, नाही. हाच प्रश्न आरटीओला विचारला तर उत्तर तात्काळ मिळतं. गाडी म्हणजे चासी नंबर! तो पत्र्यावर कोरलेला आकडा आरसी बुकाशी जुळला तर गाडी आहे, नाहीतर कायद्याच्या दृष्टीने तुमच्या आवारात नुसतं लोखंड उभं आहे. म्हणून पैसे देण्याआधी तो नंबर स्वतः वाचा. नंबर असलेलाच पत्रा गंजून गेला असेल तर तो व्यवहार सोडलेला बरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. भावंडांत एकमत नसेल तर गाडीच्या डागडुजीआधी ते काम करा. गॅरेजचं बिल एकाने भरायचं आणि गाडी तिघांच्या वाट्याची निघायची, यातून कुटुंबं बोलायची थांबतात.

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. आमच्यासारख्यांना रस वाटावा अशी अट त्यात आहे. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नकोत. म्हणजे थिसिअसच्या जहाजाच्या किती फळ्या बदलल्या, हे सरकार विचारतं आहे. हौसेने दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. बुडालेला पैसा हा पुढच्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाही. 'आता एवढे घातलेत तर' हे वाक्य तोंडात आलं की थांबायचं, आणि फक्त एवढंच विचारायचं, की आज ही गाडी या अवस्थेत मला कुणी दाखवली असती, तर पुढचा खर्च धरून मी ती घेतली असती का? अर्थात गॅरेजात उभं असताना हे सुचत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी, घरी बसून, रकमेची मर्यादा कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. डेंटिंगचं काम रोजंदारीवर न देता भागानुसार ठरवा. जुना रंग खरवडून पत्रा उघडा झाला की एकदा थांबा, फोटो काढा, पुन्हा अंदाज घ्या. पहिल्यांदा खरा उजेड पडतो तो तेव्हाच, आणि तोवर फार पैसे गेलेले नसतात.

शेवटी जागा. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. दारं एकीकडे, सीट दुसरीकडे, नटबोल्टचे डबे तिसरीकडे. गॅरेजवाला पावसाळ्यात ती उघड्यावर ढकलतो आणि उघडा पत्रा एका पावसात तांबडा होतो. छप्पर कुणाचं, किती महिने, भाडं किती, हे पहिल्या दिवशी ठरवा. काढलेल्या प्रत्येक भागावर चिठ्ठी बांधा आणि त्याची एक यादी स्वतःकडे ठेवा, मिस्त्रीच्या डोक्यात नको. मिस्त्री गावी जातात.