लोहाची गोळी आणि फिल्टर कॉफी

दिवस राहावेत असं ठरवलं, की पहिली गोळी तेव्हाच सुरू करायची: फॉलिक आम्ल, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल किंवा आपण फिटच्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टर वेगळा डोस ठरवतात.

या जीवनसत्त्वाचा माग मुंबईत लागला. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर भारतात आली आणि मुंबईतल्या गिरणी कामगार कुटुंबांतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तिने तपासला. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त सुधारलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळलं.

चौथा महिना लागला की लोहाची गोळी. सरकारी गोळी लाल, साखरेचा लेप असलेली. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. रोज एक, निदान १८० दिवस. बंगळुरूत सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. तिथे आपलं ‘थायी कार्ड’, म्हणजे गरोदर आईचं नोंदपत्र, सोबत ठेवावं.

आता घोटाळा होतो तो इथे. सकाळी इडली, गोळी आणि लगेच स्टीलच्या पेल्यातली दाट फिल्टर कॉफी. कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, ते आतड्यात फार कमी शोषलं जातं. आपला चहाही तेच करतो. कॉफी अगदी सोडायला नको, पण गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको. त्यापेक्षा रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर गोळी घेणं सोपं. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं. पण मळमळून गोळी डब्यातच राहणार असेल, तर जेवणानंतरचीच बरी.

कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घेऊ नये, दोन तास अंतर ठेवावं. दुधाचंही तसंच. दोन्ही गोळ्या एका घोटात उरकणाऱ्या बायका पुष्कळ.

आठवड्याभरात शौचाला काळं होतं. घाबरू नका, न शोषलेलं लोह बाहेर पडतं. मात्र डांबरासारखं चिकट असेल आणि चक्कर येत असेल, तर लगेच दाखवा. बद्धकोष्ठतेला पाणी, भाज्या, फळं. तरी त्रास राहिला तर डॉक्टर गोळीचा प्रकार बदलतात. इथेच बहुतेकजणी न सांगता गोळी थांबवतात, आणि पुढच्या तपासणीला ‘रोज घेते’ म्हणतात. मग डॉक्टर उगाच दुसरं कारण शोधत बसतात.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. सौम्य-मध्यम असेल तर रोज दोन गोळ्या सांगतात. महिन्याभराने आकडा हलला नाही, तर गोळी कशाबरोबर घेता ते आधी खरंखरं सांगा. मग थॅलेसेमियाच्या वाहकपणाची तपासणी, नाहीतर शिरेतून लोह. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळी चालूच राहते. आणि डबा उंच फळीवर ठेवा: थोरल्या लेकराला ती लाल गोळी गोड लागते, आणि मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं.