अंग धरलं, की चरबी साचली?

सिल्वासाला कारखान्यात लागलेला मुलगा पाच-सहा वर्षांनी गावी येतो. आई सुखावते, "अंग धरलंय हो!" शेजारच्या अज्जी म्हणतात, "दप्प आग्यान!" दोन्ही भाषांत कौतुकच.

पाळीची नोकरी, अवेळी जेवण, दारात मोटारसायकल. तिशीनंतरचं हे वजन बहुधा पोटावर बसतं. तिथली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातली मेदाम्लं यकृतात जातात, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. आणि दुखत काहीच नाही! आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांची पोटं सुटलेली आढळली, तर २४ टक्क्यांचं कोलेस्टेरॉल जास्त.

गंमत म्हणजे सिल्वासाच्या आसपासच्या वारली घरांतली नागली म्हणजे आपली नाचणी, कन्नडातली रागी. भाकरी ओळखीचीच आहे; ताटातून मागे पडली ती आपल्यामुळे. अर्थात नाचणी खाऊन दिवसभर बसून राहिलं तर तीही काय करणार?

शिंप्याची टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बायकांची ८० च्या पुढे गेली असेल, तर रक्त तपासून घ्यावं. ऐंशी किलोच्या माणसानं चार किलो उतरवले तरी ट्रायग्लिसराइड खाली येऊ लागतात. सडसडीत मंडळींनीही हसू नये; कोलेस्टेरॉल घराण्यातूनही येतं.