मुलांची प्रार्थना व आईबापांचें वर्तन

पवनेच्या काठीं चिंचवडास मोरया गोसावींची समाधि आहे. इंद्रायणीच्या काठीं देहू आणि आळंदी आहेत. ज्या मुलखांत ज्ञानोबांनीं व तुकोबांनीं सामान्य जनांस देवाशीं मराठींत बोलावयास शिकविलें, त्याच मुलखांत मुलांस प्रार्थना कोणीं व केव्हां शिकवावी असा प्रश्न आज पडावा, हें नवल नव्हे काय? परंतु प्रश्न पडला आहे खरा. लोक नास्तिक झाले हें त्याचें कारण नव्हे; घराचें घड्याळ बदललें हें त्याचें कारण होय.

पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढें आकुर्डी, भोसरी आणि अखेर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली, आणि कारखान्यांबरोबर पाळ्या आल्या. पूर्वीं दिवेलागणीस मुलें हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणत, मग पाढे व परवचा होई. आज त्या वेळीं बाप दुसऱ्या पाळीवर, आई आपल्या कामावर, आणि मूल भाड्याच्या खोलींत मोबाइलपुढें, अशी पुष्कळ घरांची स्थिति आहे. याचा दोष आईबापांच्या माथीं मारणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल.

कायद्यानें आपल्या परीनें वाट करून दिली होती. 1948 च्या कारखाने कायद्यानें प्रौढ कामगाराच्या कामास आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली व एक दिवस सुट्टीचा ठरविला. परंतु कायदा सुट्टी देऊं शकतो. ती कशी घालवावी हें शिकवूं शकत नाहीं. तें काम घराचें.

तें कसें करावें, याचा उत्तम नमुना आपल्यापाशीं आहे. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. आश्रमांतील सायंप्रार्थना आटोपली कीं श्याम आपल्या आईची आठवण सांगूं लागतो, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. त्या आईपाशीं पैसा नव्हता. पण स्नानानंतर पायांस माती लागूं नये म्हणून जपणाऱ्या मुलास ती मनही तसेंच जपावयास सांगते; आणि अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढविण्यासही ती त्याला धाडते. एक धडा न्हाणीपाशीं, दुसरा रस्त्यावर. दोहोंसही दमडी लागली नाहीं.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. सूर्यास्ताची वेळ साधत नसेल, तर घरचीं सर्व माणसें ज्या वेळीं एकत्र येतील ती वेळ दिवेलागणीची समजावी. दोन मिनिटें शांत बसावें. ज्याच्या घरीं जी प्रार्थना, वंदना किंवा दुआ असेल ती म्हणावी. आणि शेवटीं मुलानें घराबाहेरच्या एका माणसाचें नांव घेऊन त्याचें भलें चिंतावें. स्वयंपाकाच्या वेळीं मुलाच्याच हातानें मूठभर तांदूळ निराळ्या डब्यांत टाकवावे. महिनाअखेर तो डबा शेजारीं, ज्याची कंत्राटी नोकरी सुटली असेल त्याच्या घरीं, गाजावाजा न करतां पोंचवावा. उन्हाळ्यांत चिमण्यांसाठीं पाण्याचें भांडें भरण्याचें काम मुलाचें असावें, आणि हें काम मुलीचें व तें मुलाचें असा भेद करूं नये.

कोणी म्हणतील, प्रार्थना म्हणजे भोळेपणा. त्यांस आमचें उत्तर असें कीं, मुंबईस 1867 सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला, आणि त्यांतील रानडे व भांडारकर हे भोळे नव्हते. त्यांच्या लेखीं ईश्वरभक्ति व समाजसुधारणा हीं एकाच धर्माचीं अंगें होतीं. दुसरे म्हणतील, हें काम शाळेनें करावें. शाळा शब्द पाठ करून घेईल. अर्थ मात्र मूल घरांतच वाचतें. सकाळीं हात जोडणारा बाप दुपारीं झाडूवाल्यास अरेतुरे करूं लागला, तर मूल कोणता पाठ घेईल? मुलानें त्यास 'काका' म्हणावें असें वाटत असेल, तर आधीं बापानें 'अहो' म्हणावें.

या गोष्टीचें महत्त्व आमच्या टापूंत विशेष आहे. एकाच चाळींत मराठवाड्याचें, विदर्भाचें आणि बिहारचें कुटुंब भिंतीला भिंत लावून राहतें, आणि एकमेकांचें नांवही पुष्कळदां ठाऊक नसतें. मोठ्यांस जी ओळख करून घेण्यास फुरसत होत नाहीं, ती तांदळाचा डबा घेऊन जाणारें मूल एका संध्याकाळीं करून देईल. कारखाने माणसें एका ठिकाणीं आणतात. त्यांचे शेजारी घरेंच बनवितात. आमच्या वाचकांनीं, मग ते व्यापारी असोत वा नोकरदार, हा प्रयोग येत्या सुट्टीच्या दिवसापासूनच सुरू करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.