वाढत्या प्रवाळाची निगा

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला तांबडा खडा उभा राहतो. आज आम्हांस ज्या प्रवाळांविषयी बोलावयाचे आहे ते खडे नव्हेत. ते जिवंत प्राणी आहेत, आणि युरोप-अमेरिकेत हौशी लोक त्यांना घरच्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात पाळतात. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी 1961 साली आपल्या टाकीची हकीकत प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी, समुद्रातलेच जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्यांची सामग्री. प्रवाळ घरात जगतो हेच त्या काळी नवल होते. आज ते नवल उरलेले नाही. आता अडचण निराळीच आहे: प्रवाळ जगतो, वाढतो, आणि पुष्कळदा टाकी भरून वाहू लागली म्हणजेच मरू लागतो. असे का व्हावे, आणि ते कसे टाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम वाढ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळाच्या मऊ शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग यजमानास देतात. त्या बळावर प्रवाळ पाण्यातला चुना आणि कार्बोनेट घेऊन आपल्याखाली दगडी सांगाडा रचीत जातो. म्हणजे वाढीला उजेड हवा, वाहते पाणी हवे, चुना हवा आणि पसरावयास जागा हवी. टाकी नवी असते तेव्हा या चारही गोष्टी मुबलक असतात. तीन-चार वर्षांनी चारही तुटपुंज्या होतात, आणि त्या तुटपुंज्या करणारा स्वतः प्रवाळच असतो.

चुन्याचा हिशेब सर्वांत बोलका आहे. समजा, टाकीत 400 लिटर पाणी आहे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि कार्बोनेटांचा साठा, ज्याला अल्कता म्हणतात, जर्मन मोजणीने 7 अंशांच्या आसपास असतो. टाकी प्रवाळांनी गच्च भरली, आणि अल्कता रोज 2.8 अंशांनी उतरू लागली, तर कॅल्शियम मात्र लिटरमागे अवघे 20 मिलिग्रॅम उतरते. नुसत्या कॅल्शियमवर नजर ठेवणाऱ्यास वाटावे की सर्व ठीक आहे. इकडे अल्कता अडीच दिवसांत संपावयाच्या वाटेवर असते! म्हणून जाणता मनुष्य प्रथम अल्कता मोजतो, आणि ती रोज एकाच वेळी मोजतो. या हिशेबाने त्या टाकीत दररोज 20 ग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेदोन तोळे, नवा दगड तयार होत असतो.

हा चुना भरून कसा काढावयाचा? पीटर विल्केन्स यांनी 1970 नंतरच्या दशकात युरोपात रूढ केलेला उपाय आपल्या परिचयाचाच आहे: चुन्याची निवळी. टाकीतले जे पाणी उडून जाते त्याच्या जागी शुद्ध चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडावयाची. एकदम ओतली तर ती फार दाहक ठरते. परंतु या उपायालाही सीमा आहे. वरच्या टाकीला रोज सुमारे 10 लिटर निवळी लागेल, आणि तितके पाणी बहुधा उडत नाही. मग दोन वेगळी द्रावणे, एक कॅल्शियम क्लोराइडचे आणि एक सोड्याचे, मोजून सोडावी लागतात, किंवा प्रवाळाचीच खडी कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने विरघळविणारे यंत्र जोडावे लागते.

पण चुना पुरविला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. तो अधिक वाढला! ॲक्रोपोराच्या फांद्या दाट झाल्या की पाणी आत शिरत नाही, गाळ साचतो, आणि झुडूप वरून टवटवीत दिसत असता बुंध्याकडून पांढरे पडत जाते. माँटिपोराची ताटासारखी पाती पसरली की खालच्यांचा उजेड जातो. शिवाय शेजारी शेजाऱ्याशी लढतो. ज्युडिथ लँग यांनी जमेकाच्या प्रवाळांवरील 1971 आणि 1973 सालच्या लेखांत दाखविले की प्रवाळ आपल्या पोटातील तंतू बाहेर काढून शेजाऱ्यास जागच्या जागी पचवितात. गॅलॅक्सिया आणि युफिलिया रात्री लांब दंशतंतू सोडतात. त्यांच्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवलीच पाहिजे. मऊ प्रवाळ पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. त्यांवर कोळशाची गाळणी हा उपाय आहे. झेनियासारखे पसरट स्वभावाचे प्रवाळ तर वेगळ्या खडकावर, वाळूने चहूकडून तोडूनच ठेवावेत.

तेव्हा शेवटी कात्री हाती घ्यावीच लागते. डाळिंबाची छाटणी करणाऱ्या बागाइतदारास हे सांगावयास नको. मात्र छाटणी थोडीथोडी करावी. एकाच दिवशी निम्मी टाकी कापली तर चुन्याची मागणी एकदम घटते, पुरवठा पूर्वीइतकाच राहतो, आणि अल्कता चढून उरलेल्या प्रवाळांची टोके जळतात. जखमांतून बुळबुळीत स्राव सुटतो, म्हणून कोळसा बदलावा. प्रवाळाची एकंदर बाह्यरेषा राखण्यापेक्षा आतून फांद्या विरळ करून पाण्याला वाट द्यावी. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये: झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते कापताना हातमोजे व चष्मा हवा, आणि त्यांचा खडक कधीही उकळू नये. त्या वाफेने घरची माणसे गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

कापलेला तुकडा टाकाऊ नसतो. दगडावर चिकटविला की तो नवे झाड होतो, आणि दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत जातो. तितका प्रवाळ समुद्रातून तोडावा लागत नाही. आपल्या देशात 2001 साली दगडी प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत स्थान मिळाले. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळ पाहावयाचे आहेत, खुडावयाचे नाहीत.

पालनकर्त्याची परीक्षा टाकी रिकामी असताना होत नाही, ती भरल्यावर होते. रोप जगविण्यास उत्साह पुरतो. वाढलेले राखावयास मात्र रोजची मोजणी लागते, आणि आपल्याच हातांनी वाढविलेले आपल्याच हातांनी कापण्याचा संयम लागतो. तो ज्याला साधला त्याची टाकी दहा वर्षांनीही नांदती राहते.