सामाईक कठड्यावरील रोषणाई

गिरगावातील चाळींच्या लांब गॅलऱ्यांत दिवाळीपूर्वी बांबूच्या कामट्या, खळ आणि पतंगी कागद घेऊन मुले आकाशकंदील बांधावयास बसत, आणि मजलोमजली एकाच घडणीचे कंदील टांगले गेल्यामुळे साऱ्या चाळीस जी एकात्म शोभा येई, ती आजच्या गृहनिर्माण संस्थांनीही अवश्य साधावी. सामाईक मीटरवरील खर्चास समितीची रीतसर मंजुरी घ्यावी, हे उघडच आहे. विजेचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. जुन्या माळेत सहा व्होल्टचे सुमारे ४० दिवे एकापुढे एक जोडलेले असून २३० व्होल्टचा दाब त्यांत विभागला जाई, म्हणून एक दिवा गेला की सबंध माळ विझे. आणि तो वगळून तारा जोडल्यास उरलेल्यांवरील भार वाढे. एलईडी माळा वीज फारच थोडी घेतात, परंतु लोखंडी कठड्यावर घासून तारेचे वेष्टन झिजल्यास सबंध कठड्यात विद्युत्प्रवाह उतरू शकतो, आणि त्याच कठड्याला धरून लहान मुले उभी असतात! यास्तव माळ सुतळीने अलग बांधावी, जोड पावसापासून झाकावेत, आणि ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. जिना मात्र पूर्ण मोकळा ठेवावा.