हॅरीच्या शेजारी

कॅरोल ऑर्झेल यांनी आपला सांगाडा संग्रहालयाला द्यायचे कबूल केले, पण एक अट घातली: सांगाड्यासोबत आपले दागिनेही मांडले पाहिजेत. दागिने सोन्याचांदीचे नव्हते. नकली, पण ठसठशीत; नटण्याची मनापासून हौस असलेल्या बाईने हौसेने जमवलेले. १९९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात काचेच्या कपाटातला हॅरी ईस्टलॅकचा सांगाडा त्यांनी पाहिला आणि सोबतच्या डॉक्टरांना सांगून टाकले, की माझी वेळ येईल तेव्हा मलाही याच्या जवळच ठेवा. हॅरीला जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. तो गेला तेव्हा कॅरोल शाळकरी वयाच्या होत्या. दोघांना जोडणारा धागा एकच, आणि तो म्हणजे दोघांना झालेला आजार.

त्या आजाराचे नाव जिभेला जड आहे: फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकान्स प्रोग्रेसिव्हा. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला नुसते ‘एफओपी’ म्हणतात. यात स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्या जागी हाड तयार होते. हे हाड रोगट किंवा ठिसूळ नसते, अगदी नेहमीच्या हाडासारखे धडधाकट असते. फक्त जिथे नको तिथे उगवते. मान, खांदे आणि पाठ आधी, मग कंबर, मांड्या, गुडघे असा त्याचा प्रवास वरून खाली होतो. सांधे एकेक करून कुलूपबंद होतात. जणू मूळ सांगाड्यावर दुसरा सांगाडा चढत जातो, आणि आतला माणूस त्यात अडकतो. हृदय, श्वासपटल, जीभ आणि डोळ्यांचे स्नायू यातून सुटतात. बुद्धीला तर धक्काही लागत नाही.

दहा ते वीस लाखांत एखाद्याला होणारा हा आजार. जगभरात निदान झालेल्या रुग्णांची संख्या हजाराच्या आसपासच भरते. एखाद्या मंगल कार्यालयात मावतील इतकीच ही माणसे, पण ती पृथ्वीभर विखुरलेली आहेत. त्यातला एक जण गेला की उरलेल्यांसाठी ती कुणा अनोळखी माणसाच्या निधनाची बातमी राहत नाही.

हॅरीचा जन्म नोव्हेंबर १९३३ चा, फिलाडेल्फियाचाच. चार-पाच वर्षांचा असताना बहिणीबरोबर बाहेर खेळताना त्याचा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही. पुढे कंबर आणि गुडघा आखडू लागले, मांडीत हाडाच्या गाठी दिसू लागल्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ते जादा हाड काढून टाकले. त्या काळी दुसरे कुणी काय केले असते? पण एफओपीत शरीराला झालेली प्रत्येक इजा, मग ती पडझड असो की सर्जनची सुरी, नवे हाड उगवण्याचे निमंत्रण ठरते. काढलेले हाड आणखी जाड होऊन परत येत राहिले. शेवटची वर्षे त्याने फिलाडेल्फियातल्या इंग्लिस हाउस या अपंगांसाठीच्या निवासात काढली. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, चाळिसाव्या वाढदिवसाला अवघे सहा दिवस उरले असताना. तोवर त्याला फक्त ओठ हलवता येत होते. जाण्याआधी त्याने आपली इच्छा सांगून ठेवली होती: माझे शरीर डॉक्टरांना द्या, त्यांना या आजाराचे काहीतरी कळू दे.

एरवी सांगाडा उभा करायचा म्हणजे तारांनी हाड हाडाला बांधावे लागते. नाहीतर सगळा ढीग खाली कोसळतो. हॅरीच्या सांगाड्याला अशी बांधणी जवळजवळ लागलीच नाही. पाठीवरून पसरलेल्या हाडाच्या पट्ट्या आणि एका हाडातून दुसऱ्या हाडात गेलेले पूल यांनी तो आपोआप धरून ठेवलेला आहे. ज्यांनी जिवंतपणी त्याला हलू दिले नाही, तेच आता त्याला उभे ठेवतात.

एफओपीच्या कुटुंबांत दुःख मृत्यूची वाट पाहत थांबत नाही. ते हप्त्याहप्त्याने येते. आज हात डोक्यापर्यंत जात नाही, म्हणजे यापुढे आपले केस आपल्याला विंचरता येणार नाहीत. उद्या जबडा बसला, की घास भरवायला दातांमधली फट शोधायची. कंबर पूर्ण आखडण्याच्या बेतात असते तेव्हा काही रुग्णांपुढे एक भयंकर निवड येते: उरलेले आयुष्य बसलेल्या स्थितीत काढायचे की उभ्या? विशी-तिशीतल्या माणसाने असा निर्णय घ्यायचा, आणि आईबापांनी त्याला घेऊ द्यायचा. शिवाय हे सारे कधी होईल याचे वेळापत्रक नसते. महिनोन् महिने काही होत नाही, मग एका रात्रीत पाठीवर सूज येते, ठणका लागतो, आणि घरातल्या सगळ्यांना कळून चुकते की आता आणखी काहीतरी जाणार.

यात भर पडते ती अपराधी भावनेची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३८ रुग्णांच्या पाहणीत आढळले की ८७ टक्के रुग्णांचे निदान सुरुवातीला चुकलेले होते. सूज पाहून कॅन्सरचा संशय यायचा, मग तुकडा काढून तपासणी व्हायची, आणि त्या तपासणीनेच आजार भडकायचा. जवळपास निम्म्या रुग्णांची हालचाल अशा उपचारांपायी कायमची कमी झाली होती. मुलाला बरे करायला दवाखान्यात नेले आणि तिथेच त्याचा हात कायमचा गेला, ही बोच त्या आईबापांच्या मनातून सहजी जात नसणार. चूक त्यांची नव्हती, हे त्यांना कुणीतरी सांगावे लागते. ते पटेल असे सांगू शकतो तो त्याच वाटेने गेलेला दुसरा पालकच.

असा दुसरा माणूस भेटणेच मुळात दुर्मिळ होते. जीनी पीपर यांना चौथ्या वर्षी निदान झाले, पण कितीतरी वर्षे त्यांना आपल्यासारखे कुणीच ठाऊक नव्हते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डॉक्टर मायकेल झॅसलॉफ यांच्याकडून त्यांना काही रुग्णांचे पत्ते मिळाले. त्यांनी पत्रे धाडली. उत्तरे आली ती जपून ठेवली. एक छोटे वार्तापत्र सुरू केले. १९८८ मध्ये अकरा जणांची आंतरराष्ट्रीय एफओपी संघटना उभी राहिली. अकरा जणांच्या संघटनेला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणायला धारिष्ट लागते, आणि ते त्यांच्यापाशी होते. पत्र लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण मोठ्या कष्टाने पेन धरत असतील. त्यांच्या दृष्टीने मोल होते ते आपण एकटे नाही हे कळण्याचे. संशोधन, औषध या फार पुढच्या गोष्टी होत्या. संघटना वाढली तशी तिच्याकडे जन्माच्या, वाढदिवसांच्या आणि जाण्याच्या बातम्याही येऊ लागल्या. या आजारात मृत्यूचे मध्यम वय चाळिशीच्या आसपास आहे. बरगड्यांभोवती हाडाचा पिंजरा घट्ट होत गेला की छाती फुलत नाही आणि श्वास कमी पडतो.

देहदानाचा विषय निघाला की आपल्याकडे दधीची ऋषींचे नाव हमखास येते. देवांसाठी त्यांनी अस्थी दिल्या, त्यांचे वज्र झाले. हॅरीच्या अस्थींपासून शस्त्र घडले नाही, पण काम मात्र झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अस्थिरोगतज्ज्ञ फ्रेडरिक कॅप्लन यांनी आपली हयात या एकाच आजाराला वाहिली. हे जादा हाड कुठून निघते, कोणत्या सांध्याला कसे ओलांडते, कुठली जागा सोडून देते, हे जिवंत रुग्णाच्या शरीरात शिरून पाहणे शक्य नव्हते. पाहायला गेले तर तिथेच नवे हाड. हॅरीकडे पाहता येत होते, हवे तितके आणि हवे तेव्हा. वैद्यकीय पाठ्यपुस्तकाने दिले नसते ते त्याने दिले.

जिवंत रुग्णांनीही देण्याची वाट शोधली. प्रयोगशाळेला पेशी हव्या होत्या, पण तुकडा काढून घ्यायची सोय नाही. मग उपयोगी पडले मुलांचे दुधाचे दात. ते आपले आपण पडतात, जखम करावी लागत नाही, आणि त्यांच्या गाभ्यात जिवंत पेशी असतात. मुलाचा दात हलू लागला की आईने प्रयोगशाळेच्या डबीची तजवीज करायची. पैसाही बराचसा घराघरांतूनच आला. केक विकून, शर्यती भरवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वर्गणी मागून. एप्रिल २००६ मध्ये कॅप्लन आणि आयलीन शोर यांच्या गटाने जाहीर केले की कारण सापडले: एसीव्हीआर-१ या जनुकात फक्त एका अक्षराचा बदल. २३ एप्रिल हा दिवस एफओपीची माणसे आजही पाळतात.

कॅरोल ऑर्झेलही हॅरीसारख्याच इंग्लिस हाउसमध्ये राहत होत्या, कितीतरी वर्षे. कॅप्लन यांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे त्या स्वतः जाऊन बसत आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. व्याख्यानात ज्या आजाराचे चित्र दाखवायचे, तोच समोर लिपस्टिक लावून, दागिने घालून, हसत बसला आहे, असा अनुभव विद्यार्थ्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गेल्या. वर्षभराने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांचा सांगाडा म्युटर संग्रहालयात हॅरीच्या जवळ मांडला गेला. दागिन्यांची अट पाळली गेली.

कॅरोल यांनी हॅरीला पाहिले तेव्हा नेमके काय पाहिले असेल, याचा विचार मनातून जात नाही. निरोगी माणसाला तो सांगाडा नवल वाटतो. एफओपी असलेल्याला त्यात स्वतःचा उद्या दिसतो. या आजाराची माणसे आणि त्यांचे नातेवाईक हॅरीला भेटायला येत राहिले आहेत. काहींना ते झेपते, काहींना नाही, आणि न झेपणाऱ्यांना कुणी दोष देऊ नये. कॅरोल यांनी तो उद्या पाहिला आणि त्यात आपल्या आवडीची भर घातली. आपण गेल्यावर लोकांनी फक्त आजार पाहू नये, बाई पाहावी, असा त्या दागिन्यांचा अर्थ लावला तर तो फार दूरचा ठरू नये.

हे महत्त्वाचे आहे, कारण ज्या इमारतीत ती दोघे आहेत, तिथला बाकीचा संग्रह असा नाही. म्युटर संग्रहालय १८६३ मध्ये उघडले. जोसेफ हिर्टल या व्हिएन्नाच्या शरीरशास्त्रज्ञाकडून १८७४ मध्ये आलेल्या १३९ कवट्या तिथे आहेत. त्यांतल्या अनेकींवर नाव, गाव आणि मृत्यूचे कारण लिहिलेले आहे, पण त्या माणसांना कुणी विचारले होते असे मानायला जागा नाही. २०२३ मध्ये संग्रहालयाने यावर उघड चर्चा सुरू केली, आपल्या शेकडो चित्रफिती काही काळ मागे घेतल्या, आणि त्यावरून बरेच वादळ उठले. मानवी अवशेष मांडावेत की नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण हॅरी आणि कॅरोल यांना सरसकट त्यात गोवणे अन्यायाचे ठरेल. त्यांना कपाटातून हटवणे म्हणजे त्यांनी जिवंतपणी, शुद्धीत आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलेली गोष्ट मोडणे. हालचालीवरचा ताबा गेलेल्या माणसाने आपल्या शरीराविषयी घेतलेला हा शेवटचा निर्णय होता. तो पाळणे ही त्यांच्या आठवणीची पहिली अट आहे.

देण्याचे हे काम सोपे नाही, याचा प्रत्यय २०२० मध्ये पुन्हा आला. गॅरेटोस्मॅब या प्रायोगिक औषधाच्या चाचणीत चव्वेचाळीस रुग्ण होते. त्यांतले पाच दगावले. मृत्यू औषधानेच झाले असे सिद्ध झाले नाही, पण चाचणी थांबवावी लागली. हजाराच्या आसपास ओळखल्या गेलेल्या माणसांतली पाच जणे, तीही आपणहून पुढे आलेली. तरी पुढे त्याच औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी आखली गेली, तेव्हा तिला रुग्ण मिळाले. दरम्यान पालोव्हॅरोटीन या औषधाला कॅनडात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ते आजार बरा करत नाही, नव्या हाडाचा वेग कमी करते. वाढत्या मुलांच्या हाडांची वाढ ते अकाली थांबवू शकते, म्हणून मुलींना आठ आणि मुलांना दहा वर्षांपूर्वी देत नाहीत.

कॅरोल यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांना जे शिकायला मिळाले, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहातही उपयोगी आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. एफओपी असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या पायाचे अंगठे जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात. अशा बाळाच्या मानेवर किंवा पाठीवर पुढे गाठ आली, तर तुकडा काढण्याआधी अंगठे पाहायचे, स्नायूत इंजेक्शन देण्याआधी थांबायचे, आणि एका रक्ताच्या नमुन्यावर जनुकाची तपासणी करून घ्यायची.