एलीयाची भाकर

आगरदांड्याहून दिघीला जाणारी जंगलजेटी, म्हणजे फेरीबोट, सुटायला अवकाश असला की धक्क्यावर अनोळखी माणसेही घरचे सांगू लागतात. मागे तिथे एक बाई आपल्या भावाविषयी म्हणाल्या, "जेवतो, कामाला जातो, पण त्याला कशातच राम वाटत नाही." डॉक्टर ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, त्याचे इतके नेमके वर्णन मी पुस्तकात वाचलेले नाही. दुःख झाले असे त्या म्हणाल्या नाहीत. सगळे जागच्या जागी आहे, फक्त त्यातला राम गेला आहे.

या किनाऱ्यावर अशाच एका माणसाची गोष्ट शतकानुशतके सांभाळली गेली आहे, आणि तीही दोन वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांकडून. मुरुड, नांदगाव, काशीद, बोर्ली करत उत्तरेला गेले की कोर्लई लागते. 1740 मध्ये मराठ्यांनी कोर्लईसह चौलचा मुलूख घेतला, पोर्तुगीज निघून गेले, पण इथले ख्रिस्ती गावकरी कुठे जाणार? ते राहिले आणि त्यांच्या घरात पोर्तुगीज व मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. त्यांचे चर्च माऊंट कार्मेलच्या मातेचे. आता कार्मेल म्हणजे दूर इस्राएलमधला डोंगर, आणि बायबलमध्ये तो ओळखला जातो एलीया संदेष्ट्यामुळे.

दुसरे लोक बेने इस्राएल. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज या भूमीला लागले असे ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले. त्यांच्या घरी मंगलप्रसंगी पोहे, ओले खोबरे आणि फळे घालून मलिदा होतो, तो याच एलीयाच्या, त्यांच्या भाषेत एलियाहू हनाबीच्या, नावाने. अलिबागजवळच्या खंडाळे परिसरात एका खडकावर खूण आहे. एलियाहू स्वर्गात गेला तेव्हा उमटलेली ती टाप, अशी त्यांची श्रद्धा.

ज्याच्या नावाने गोड मलिदा वाटतात, तो एलीया एकदा मरण मागत झुडपाखाली पडला होता. ही गोष्ट बायबलच्या राजांच्या पहिल्या ग्रंथात, 19व्या अध्यायात आहे. मी ती मानसोपचाराची चार पुस्तके चाळून झाल्यावर पुन्हा वाचली आणि अक्षरशः थबकलो.

कार्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा विजय झालेला आहे. लगेच राणी ईजबेलची धमकी येते आणि हा धीराचा माणूस रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले म्हणून देवाकडे मरण मागतो. यशाच्या पाठोपाठ अशी उतरण लागते, हे अनेकांनी अनुभवले असेल. पण खरे नवल पुढे आहे. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. "तुझा विश्वास कमी पडला" असे तर मुळीच म्हणत नाही. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवून तो म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो. मग 40 दिवसांची चाल, होरेब डोंगर, गुहा. झोप, अन्न, चालणे आधी, बोलणे नंतर. आजचा चांगला डॉक्टरही पहिल्या भेटीत झोप आणि भूक यांचीच चौकशी करतो.

गुहेत त्याला प्रश्न येतो: तू इथे काय करतोस? एलीया गाऱ्हाणे मांडतो, त्याचा गाभा असा की मी एकटाच उरलो. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात, मग एक मंद वाणी येते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. एलीयाचे उत्तर? तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. एवढे दैवी दर्शन झाले तरी मनातली तबकडी तिथेच अडकलेली! ज्याने नैराश्य जवळून पाहिले आहे त्याला हे लगेच ओळखू येईल. आणि देवाचे प्रत्युत्तर पाहा. तीन कामे, एक सोबती आणि एक आकडा. कामे अभिषेकाची, सोबती अलीशा, आकडा 7000. इतके लोक अजून निष्ठावंत आहेत, तेव्हा "मी एकटाच" हे खोटे आहे.

असे खोटे वाक्य पकडण्यावर पुढे एक उपचारच उभा राहिला; त्यासाठी आता फिलाडेल्फियाला जाऊ. एरन बेक हा मनोविश्लेषणात तयार झालेला डॉक्टर फ्रॉइडचे म्हणणे सिद्ध करायला निघाला होता: नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग. त्यासाठी त्याने रुग्णांची स्वप्ने तपासली. स्वप्नांत राग सापडेना. सापडली हार, वंचना, गमावणे. मग त्याच्या लक्षात आले की रुग्णांच्या मनात झरझर काही वाक्ये उमटून जातात, इतकी चटकन की ती वाक्ये आहेत हे त्यांनाही कळत नाही. मी टाकाऊ आहे. जग माझ्या विरुद्ध आहे. पुढे काही बरे होणार नाही. स्वतः, जग आणि भविष्य या तिन्हींवर एकच काजळी. बेकचा उपचार असा की ते वाक्य पकडायचे, कागदावर लिहायचे आणि विचारायचे, पुरावा काय? सोबत दिवसाची छोटी छोटी कामे ठरवायची. 7000चा आकडा आणि तीन कामे! 1977 मध्ये या उपचाराची तुलना इमिप्रामिन या औषधाशी झाली आणि निव्वळ बोलण्याने होणारा हा उपचार औषधासमोर टिकला.

बेकच्या आधी, 1955च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिसने असाच मार्ग काढला होता. महाराष्ट्राला तो जास्त ओळखीचा आहे, कारण कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्याची पद्धत मराठीत आणली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेल्या संस्थेने ती घरोघरी पोचवली. एलिस पक्का नास्तिक. धर्माने मन बिघडते असे तो पूर्वी जोरात म्हणे. उतारवयात मात्र, 2001 मध्ये, धार्मिक माणसांना त्यांच्याच श्रद्धेच्या भाषेत आपली पद्धत कशी द्यावी यावरच्या पुस्तकाचा तो सहलेखक झाला. माणसाने स्वतःचेच वाक्य तपासले याचे हे उदाहरण मला त्याच्या सिद्धांताइतकेच आवडते.

विचारांना उलट उत्तर देण्याची ही युक्ती वाळवंटात फार आधी सापडली होती. इजिप्तच्या रानात राहणारा एव्हाग्रियस नावाचा तपस्वी 399 मध्ये वारला. भर दुपारी साधूंना ग्रासणाऱ्या एका अवस्थेचे त्याने वर्णन केले आहे: सूर्य सरकतच नाही, दिवस संपत नाही, खोली खायला उठते, आजवर केले ते सगळे फुकट वाटते. त्याने अशा छळणाऱ्या विचारांची यादी केली, जवळपास 500 नोंदींची, आणि प्रत्येकासमोर त्याला गप्प करणारे शास्त्रवचन लिहिले. आधी विचार, मग उत्तर. ठाण्यातल्या एखाद्या समुपदेशकाची वही यापेक्षा फार वेगळी नसते.

एका शब्दाशी थांबतो. मराठी बायबल ज्याला पश्चात्ताप म्हणते, तिथे ग्रीकमध्ये 'मेटानोइया' आहे. त्याचा शब्दशः अर्थ मन पालटणे, विचार बदलणे. आपल्या शब्दात ताप आहे, जाळणे आहे. मूळ शब्दात ताप नाहीच. आधीच स्वतःला दोष देत बसलेल्या माणसाला पश्चात्ताप कर म्हणणे आणि विचार पालटून पाहा म्हणणे, यात केवढे अंतर पडते!

मराठीत मन पालटण्याची सगळ्यात पारदर्शक नोंद लक्ष्मीबाई टिळकांची, 'स्मृतिचित्रे'मधली. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. नवरा जिवंत, पण दुसऱ्या धर्मात, लेकरू लहान, आयुष्य नातेवाइकांच्या दारी. त्यांच्यावर आजाराचा शिक्का मी मारणार नाही, पण त्या काळातली त्यांची हतबलता वाचवत नाही. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेडच होते, ते अंगात भिनलेले. मग एकदा त्या स्वतःलाच विचारू लागल्या की हे भेद देवाने केले की माणसांनी? उत्तर मिळाले आणि शिवाशिव गळून पडली. कुणी धर्मगुरू समोर नव्हता, वाद नव्हता. बेकच्या जन्माआधी दोन दशके एका नीट शाळाही न पाहिलेल्या बाईने आपले वाक्य पकडून त्याला पुरावा मागितला. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या विनोदाला पुढे जी धार आली ती सगळा महाराष्ट्र जाणतो.

श्रद्धेने उपचाराला जोर येतो का, हे तपासले गेले आहे. 1992 मध्ये रिबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी 59 श्रद्धाळू रुग्णांवर अभ्यास केला. श्रद्धेची भाषा वापरणारा उपचार चांगला चालला, पण सर्वांत उत्तम परिणाम दिसला तो स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांच्या हातून! 2015च्या एका अभ्यासात 132 रुग्ण होते. ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, बौद्ध आणि हिंदूंसाठीही वेगवेगळ्या पुस्तिका होत्या. साधा उपचार आणि श्रद्धेसह उपचार, दोन्हींचा गुण साधारण सारखाच निघाला. चमत्काराची वाट पाहणाऱ्यांची निराशा होईल, पण मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो.

कारण श्रद्धा उलटही फिरते. विल्यम कूपर हा इंग्रज कवी, त्याची भक्तिगीते चर्चमधून आजही गातात. तो मात्र देवाने आपल्याला कायमचे टाकले या समजुतीत खंगत 1800 मध्ये गेला. वाक्य तेच, "मी टाकाऊ आहे", फक्त ते आता देवाच्या तोंडी घातलेले. म्हणून प्रार्थना कर, सगळे ठीक होईल, असे सांगून औषध बंद करायला लावणाऱ्यांचा मला राग येतो. देवदूताने भाकर आणली होती हे ते सोयीस्कर विसरतात.

जंगलजेटी लागली तेव्हा त्या बाईंनी विचारले, मग करू काय? एलीया, बेक, लक्ष्मीबाई हे सगळे त्या घाईत सांगण्यासारखे नव्हते. तो नीट झोपतो का, जेवतो का ते बघा, एकटा ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढे बोललो आणि तिकिटाच्या पाठीवर सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक लिहून दिला: 14416. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.